सायनसचं दुर्बिणीचं ऑपरेशन: ओपीडीत रोज विचारले जाणारे प्रश्न

कान-नाक-घशाच्या ओपीडीत "सायनसचं ऑपरेशन करावं लागेल" असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. घरात कुणा मावशीचं पंचवीस वर्षांपूर्वी झालेलं असतं. नाकातून वारभर पट्टी ओढून काढल्याची आठवण त्या अजून सांगत असतात. शेजारी सांगून गेलेले असतात, "एकदा केलं की दर वर्षी करावं लागतं." या भीतीपोटी लोक वर्षानुवर्षं तोंडाने श्वास घेत राहतात, आणि याच्या उलट, ज्यांना ऑपरेशनची गरजच नाही असे काही जण ते करून मोकळे होतात. दोन्ही गोष्टींचं मला वाईट वाटतं. म्हणून रोजचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहितो आहे.

"मला सायनस आहे" म्हणजे नेमकं काय आहे?

सायनस सगळ्यांनाच असतात. चेहऱ्याच्या हाडांतल्या त्या हवेच्या पोकळ्या आहेत: दोन गालांमागे, दोन कपाळात, दोन खूप मागे मेंदूच्या तळाशी, आणि दोन्ही डोळ्यांच्या मधे छोट्या छोट्या कप्प्यांचा पोळ्यासारखा समूह. प्रत्येक पोकळीला आतून ओलसर अस्तर असतं, ते रोज थोडा चिकट स्राव तयार करतं आणि तो स्राव एका बारीक तोंडातून नाकात येतो. हे तोंड सुजून बंद झालं की आत स्राव साचतो, अस्तर आणखी सुजतं, तोंड आणखी बंद होतं. हा फेरा सुरू राहिला की त्याला आपण "सायनसचा त्रास" म्हणतो.

सर्दी कुठे संपते आणि हा आजार कुठे सुरू होतो?

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते. नाक चोंदणं, घट्ट किंवा पिवळा शेंबूड (पुढून किंवा घशात उतरणारा), चेहरा जड वाटणं, वास कमी येणं, यांतली किमान दोन लक्षणं १२ आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली, त्यांत चोंदणं किंवा शेंबूड यांपैकी एक असलं, आणि दुर्बिणीने तपासताना किंवा सी.टी. स्कॅनमध्ये सूज, पू किंवा मांस (अस्तरातून लोंबणारी मऊ वाढ, म्हणजे पॉलिप) दिसलं, तर तो जुनाट सायनसायटिस. लक्षणं आणि पुरावा दोन्ही लागतात. नुसत्या स्कॅनच्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरत नाही. साध्या सर्दीतही स्कॅनवर अस्तर जाड दिसतं, आणि कसलाच त्रास नसलेल्या माणसांतही ते दिसू शकतं.

माझं डोकं सारखं दुखतं. ऑपरेशनने थांबेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो.

कपाळ दुखलं की आपल्याकडे "सायनस" म्हणायची सवय आहे. पण डोकं ठणकतं, उजेड नकोसा होतो, मळमळतं, अंधाऱ्या खोलीत पडावंसं वाटतं, प्रवासानं, उपासानं किंवा जागरणानं वाढतं, आणि नाक मात्र मोकळं असतं, तर ते बहुधा मायग्रेन असतं. मायग्रेनच्या झटक्यात नाक गळू शकतं, डोळ्यात पाणी येऊ शकतं, त्यामुळे फसगत होते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत "आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे" असं मानणाऱ्या २,९९१ लोकांना तपासलं, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या धाटणीची निघाली.

जुनाट सायनसायटिसमध्ये दुखण्यापेक्षा जडपणा आणि चोंदणं जास्त असतं. दुखणं हीच एकमेव तक्रार असेल आणि स्कॅन स्वच्छ असेल, तर ऑपरेशनला होकार देऊ नका. आधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

ऑपरेशनच्या आधी औषधांनी किती प्रयत्न करायचा?

साधारण दोन ते तीन महिने, पण नीट. "स्प्रे मारून पाहिला, काही झालं नाही" असं कुणी म्हणालं की मी स्प्रे हातात देतो आणि म्हणतो, मारून दाखवा. बहुतेक जण मान मागे टाकून, नाकाच्या मधल्या पडद्यावर मारतात आणि जोरात ओढून घेतात. औषध थेट घशात. बरोबर पद्धत अशी: मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, टोक कानाच्या दिशेने, आणि श्वास अगदी हलका. मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांसारखे स्टेरॉइडचे स्प्रे एका दिवसात गुण देत नाहीत, त्यांना काही आठवडे लागतात. "स्टेरॉइड" या शब्दाला घाबरू नका. नाकातून रक्तात जाणारं प्रमाण फार थोडं असतं.

ज्याची खरी काळजी करायला हवी ती बाटली वेगळीच असते: नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब. हे पाच-सात दिवसांपलीकडे वापरले की थेंब उतरताच नाक दुप्पट चोंदतं, मग पुन्हा थेंब. वर्षानुवर्षं ही बाटली खिशात आणि दुसरी उशाखाली ठेवणारी माणसं मी पाहतो. त्यांतल्या काहींना थेंब सोडवणं एवढाच उपचार पुरतो.

वाफारा घेतला तर बरं वाटतं, पण आजार त्याने जात नाही. लहान मुलांना उकळत्या पातेल्यापाशी बसवू नका. भाजलेली मुलं पाहिली आहेत.

दात किडल्यामुळे सायनस होतो, हे खरं का?

खरं आहे. वरच्या दाढांची मुळं गालातल्या पोकळीच्या तळाला लागून असतात. त्रास एकाच बाजूला असेल आणि शेंबडाला घाण वास येत असेल तर आधी दंतवैद्य. दाढ तशीच ठेवून केलेलं सायनसचं ऑपरेशन फार काळ टिकत नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात? सायनस काढून टाकतात का?

नाही. पोकळी काढता येत नाही. तिचं दार मोकळं करतात.

हे समजायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. गालातल्या पोकळीचं तोंड तळाशी नसतं, वर असतं, जवळजवळ छताला लागून. माठाची तोटी गळ्याजवळ बसवावी तसं. तरीही हा माठ रिकामा होतो, कारण अस्तरावर सूक्ष्म केसांचं रान असतं आणि ते केस लाटेसारखे हलत स्रावाला चढ चढवून त्या तोंडापर्यंत नेतात. जुन्या काळच्या सर्जननी सरळ विचार केला: पाणी खाली वाहतं, तर भोक खाली पाडू. न्यूयॉर्कचे कॉल्डवेल यांनी १८९३ साली आणि पॅरिसचे ल्युक यांनी १८९७ साली सांगितलेल्या ऑपरेशनमध्ये वरचा ओठ उचलून, हिरडीच्या वर चीर देऊन, गालाचं हाड फोडून आतलं अस्तर खरवडून काढत आणि नाकाच्या तळाशी नवं भोक ठेवत. गाल सुजायचा, कित्येकांना ओठाजवळ महिनोन्‌महिने बधिरपणा राहायचा. मावशींच्या आठवणी बहुधा याच ऑपरेशनच्या असतात.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून या केसांचं काम पाहिलं. त्यांना दिसलं, की स्राव कायम मूळच्या तोंडाकडेच जातो. खाली नवं भोक पाडलं तरी त्याला वळसा घालून वरच चढतो. म्हणजे दुरुस्ती मूळ दाराशीच करायला हवी. त्यांचे शिष्य हाइन्झ श्टामबर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी ही पद्धत जगभर पोचवली. केनेडी यांनी १९८५ साली तिला "फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी" हे नाव दिलं. आम्ही डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला "फेस" म्हणतो. "फंक्शनल" हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. अस्तर ओरबाडायचं नाही, त्याचं काम त्याला परत करता येईल एवढंच करायचं, हा त्याचा अर्थ.

प्रत्यक्षात असं होतं. पूर्ण भूल दिल्यावर नाकात अॅड्रिनॅलिनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या ठेवतो, त्याने अस्तर आकसतं आणि रक्तस्राव कमी होतो. मग ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते आणि सगळं समोरच्या पडद्यावर दिसतं. विळ्याच्या आकाराचा हाडाचा एक पातळ पापुद्रा काढला की त्याच्यामागे गालातल्या पोकळीचं तोंड सापडतं. कधी ते उघडताच आतून पिवळा, गोंदासारखा स्राव हळूच बाहेर येतो. तो ओढून घेतला की मागे लालसर सुजलेलं अस्तर दिसतं, आणि ते आम्ही तसंच ठेवतो. बहुतेक वेळा तोंड मोकळं झालं की काही आठवड्यांत ते आपोआप गुलाबी होतं. कोंब किंवा मांस असेल तर मायक्रोडिब्रायडर नावाचं फिरत्या पात्याचं यंत्र ते कापत आणि ओढून घेत जातं. आजार कुठवर आहे त्यानुसार एक ते तीन तास लागतात. चेहऱ्यावर चीर नाही, टाका नाही.

लेझरने किंवा फुग्याने होत नाही का?

सायनसच्या नेहमीच्या ऑपरेशनला लेझर लागत नाही. जाहिरातीत शब्द चांगला दिसतो, इतकंच.

फुग्याची पद्धत खरी आहे. अमेरिकेत तिला २००५ साली मान्यता मिळाली. बंद तोंडात बारीक फुगा सरकवून तो फुगवतात आणि तोंड रुंद करतात. मोजक्या रुग्णांत, विशेषतः कपाळातल्या पोकळीचं तोंड अरुंद असेल तेव्हा, ती उपयोगी पडते. पण नाकात मांस वाढलेलं असेल किंवा बुरशीचा गोळा असेल तर फुग्याने काही निघत नाही. फुगा एकदाच वापरायचा असल्याने खर्चही वाढतो.

डोळ्याला किंवा मेंदूला धोका असतो का?

असतो, आणि तो लपवून कुणी सही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. डोळा आणि सायनस यांच्यामधल्या हाडाचं शास्त्रीय नावच "कागदी" या अर्थाचं आहे. वर मेंदूच्या तळाचं हाड एका जागी अंड्याच्या टरफलाहूनही पातळ असतं. तिथे इजा झाली तर डोळ्यामागे रक्त साठू शकतं, क्वचित दृष्टीला धोका होतो, किंवा मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळू लागतं. अशा गंभीर गोष्टी शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत घडतात, आणि पाण्याची गळती त्याच वेळी लक्षात आली तर तिथेच बुजवता येते.

हा धोका कमी करण्यासाठीच स्कॅन काढतो. "पैसे वाढवायला" नव्हे. ऑपरेशनआधी स्कॅनची फिल्म ऑपरेशन थिएटरमधल्या दिव्यावर टांगलेली असते आणि मी पुनःपुन्हा तिच्याकडे पाहतो: छत किती खाली आहे, कागदी हाडाला कुठे खिंडार आहे का, डोळ्याची नस कुठल्या भिंतीतून जाते. चादरी घालताना रुग्णाचे डोळे मुद्दाम उघड्यावर, नजरेसमोर ठेवतो. शंका आली की सहकारी डोळ्यावर अलगद बोट दाबतो आणि मी पडद्यावर पाहतो, नाकात काही हलतं का. दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल किंवा नेहमीच्या खुणा नाहीशा झाल्या असतील तर नेव्हिगेशन यंत्राचा (हत्याराचं टोक नेमकं कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणाऱ्या यंत्राचा) आधार घेतात. पहिल्या साध्या ऑपरेशनला ते दर वेळी हवंच असं नाही.

नाकाचं हाड वाकडं आहे. तेही सरळ करायचं का?

थोडं वाकडं हाड पुष्कळांचं असतं. त्याने नाक बंद होत असेल, किंवा दुर्बीण आत जायला अडथळा येत असेल तर त्याच भुलेत करून घ्यावं. नुसतं रिपोर्टमध्ये लिहिलंय म्हणून नको.

ऑपरेशननंतर किती त्रास होतो? कामावर कधी जाता येतं?

बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. वारभर पट्टी आता क्वचितच घालतात. पॅक ठेवलाच तर छोटा असतो आणि एक-दोन दिवसांत निघतो, किंवा आपोआप विरघळणारा असतो. दुखणं लोकांना वाटतं त्याहून कमी असतं, चोंदणं मात्र जास्त. ऑपरेशन झालं तरी नाक बंदच, म्हणून पहिल्या आठवड्यात फोन येतात. आत सूज आणि खपल्या असतात. धीर धरा.

दोन आठवडे नाक शिंकरू नका. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून येऊ द्या. वाकून पाण्याची कळशी उचलणं, जिना धावत चढणं, जिम, विमानप्रवास हे सगळं दोन आठवडे बंद. विहिरीत, समुद्रात पोहणं सव्वा-दीड महिना नको. बसून करायचं काम आठवड्याभरात सुरू करता येतं. शेतावरच्या किंवा गिरणीतल्या धुळीच्या कामाला तीन आठवडे तरी थांबा. तंबाखू आणि विडी-सिगारेट या काळात तरी पूर्ण बंद ठेवा, धुराने अस्तरावरचे ते सूक्ष्म केस लुळे पडतात.

गुलाबी, रक्तमिश्रित पाणी चार-पाच दिवस येणं ठीक आहे. पण ताजं रक्त धारेने येत असेल, डोळा सुजून घट्ट होत असेल, एकाचे दोन दिसत असतील, नजर अंधुक झाली असेल, खाली वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाण्यासारखे थेंब टपटप पडत असतील, किंवा ताप आणि मान आखडणं असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

नाक धुणं खरंच इतकं गरजेचं आहे का?

माझ्या मते निम्मं ऑपरेशन हेच आहे. आम्ही दार उघडतो. ते उघडं राहतं की खपल्या आणि चिकटलेल्या पापुद्र्यांनी पुन्हा बंद होतं, हे पुढच्या सहा-आठ आठवड्यांवर ठरतं.

एक ग्लास, म्हणजे साधारण २५० मिलिलिटर, खळखळून उकळून कोमट केलेलं पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मोजायचा कंटाळा असेल तर औषधाच्या दुकानात तयार पुड्या आणि दाबायची बाटली मिळते. बेसिनवर वाका, तोंड उघडं ठेवा, "आ" म्हणत राहा आणि एका नाकपुडीतून पाणी हलकेच सोडा, ते दुसरीतून किंवा तोंडातून बाहेर येतं. पहिल्या दिवशी घाबरायला होतं, चौथ्या दिवशी माणसं स्वतःहून करतात. विहिरीत उडी मारल्यावर नाकात पाणी झोंबतं ते साध्या पाण्यामुळे. योग्य खारटपणाचं पाणी झोंबत नाही. जलनेती करणाऱ्यांना हे ठाऊक आहे, त्यांनी ऑपरेशननंतर कधी सुरू करायचं तेवढं विचारून घ्यावं.

पाणी उकळाच. थेट नळाचं, बोअरचं किंवा फिल्टरचं नको. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती केल्यावर मेंदूपर्यंत जाणाऱ्या अमीबाने दोघांचा बळी घेतला. हा प्रकार अतिशय विरळ आहे, पण टाळायला लागतं ते फक्त उकळलेलं पाणी. बाटलीही रोज धुऊन वाळवा.

आणि तपासणीच्या तारखा चुकवू नका. पहिल्याच आठवड्यात दुर्बिणीने खपल्या काढून घ्याव्या लागतात. "बरं वाटतंय, आता कशाला" म्हणून न आलेली माणसं तीन महिन्यांनी येतात तेव्हा आत पापुद्रे चिकटलेले असतात.

हे परत होतं का?

कुणाला काय आजार आहे त्यावर ते आहे. नाकात मांस नसेल, तोंड बंद होणं हाच मूळ दोष असेल, तर बहुतेकांना कायमचा आराम पडतो. मांस वाढणाऱ्यांचं वेगळं आहे. त्यांचा दोष अस्तराच्या स्वभावात असतो. दमा, नाकातलं मांस आणि अॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी धाप लागणं ही तिन्ही एकत्र असणाऱ्यांत ते पुन्हा वाढण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मग ऑपरेशन कशासाठी? कारण मोकळ्या पोकळीत औषधाचं पाणी आणि स्प्रे पोचतात, बंद पोकळीत पोचत नाहीत. म्हणून त्यांना ऑपरेशननंतरही स्प्रे आणि धुणं लांब चालवावं लागतं, मधुमेहाच्या गोळीसारखं. वारंवार वाढणाऱ्यांसाठी डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आली आहेत (अमेरिकेत या आजारासाठी २०१९ पासून), पण ती फार महाग आहेत.

वास परत येईल का?

खात्री देता येत नाही, आशा ठेवता येते. मांसामुळे वास अडलेला असेल तर पुष्कळांचा येतो. एक बाई यायच्या, दूध करपलं तरी घरातलं दुसरं कुणी ओरडेपर्यंत त्यांना कळायचं नाही. ऑपरेशननंतर दीड महिन्याने आल्या तेव्हा पिशवीतून कढीपत्त्याची डहाळी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "येतोय." विषाणूच्या तापानंतर गेलेला वास मात्र या ऑपरेशनने येत नाही. ज्यांना वास येत नाही त्यांनी घरात गॅसगळतीचा अलार्म बसवावा.

स्कॅनमध्ये बुरशी म्हटलंय. म्हणजे म्युकर?

बहुधा नाही. २०२१ साली महाराष्ट्रात कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने जे घडवलं ते पाहिल्यामुळे ही भीती साहजिक आहे. पण बुरशीचे प्रकार वेगळे असतात. काहींना बुरशीची अॅलर्जी असते: पोकळीत ओल्या शेंगदाणा-कुटासारखा घट्ट स्राव भरतो. काहींना एका पोकळीत नुसता बुरशीचा गोळा असतो. दोन्हीत घाई नसते आणि ऑपरेशनने चांगला गुण येतो. म्युकर तासातासाला पसरतो: साखर वाढलेली, गाल बधिर, डोळ्याभोवती सूज, टाळूवर काळा डाग. अशा वेळी अपॉइंटमेंट नको, थेट मोठं रुग्णालय गाठा.

लहान मुलांचं करतात का?

क्वचित. मुलांत आधी नाकामागच्या अॅडिनॉइडच्या गाठी आणि अॅलर्जी पाहतात.

विम्यात बसतं का?

बऱ्याच पॉलिसींत कान-नाक-घशाच्या साध्या आजारांना २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो. पॉलिसी नवी असेल तर तारीख ठरवण्याआधी कागद वाचा. सरकारी योजनेत बसतं का ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या मदतनिसाला) विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ही ऑपरेशनं होतात.

ऑपरेशनच्या दिवशी काय आणायचं?

स्कॅनचा नुसता रिपोर्ट नव्हे, फिल्म किंवा सीडी आणा. सगळ्या चालू गोळ्या पाकिटांसकट आणा. रक्त पातळ करणारी गोळी, अॅस्पिरिनसुद्धा, आठवडाभर आधीच सांगायला हवी. हृदयविकारासाठी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. दम्याचा पंप सोबत ठेवा. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील, ती चहालाही लागू आहे. आणि पुढून बटणं असलेला शर्ट किंवा गाऊन घाला. डोक्यावरून काढायचा टी-शर्ट संध्याकाळी नाकावरून ओढताना फार दुखतो.